पत्ता ऑस्टिनचा, तरी फी तिपटीहून जास्त का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी एच-4 वर (एच-1बी नोकरी-व्हिसावाल्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर) आहे, घर ऑस्टिनजवळच्या लेकवे उपनगराच्या बाजूला भाड्याने आहे, टपालाच्या पत्त्यात ऑस्टिन आहे, आणि ऑस्टिन कम्युनिटी कॉलेजने आउट-ऑफ-डिस्ट्रिक्ट, म्हणजे कॉलेजच्या हद्दीबाहेरच्यांचा जादा दर लावलाय. लायसन्स, लीज, विजेचं बिल तीनदा पाठवूनही "कागदपत्रं अपुरी" एवढंच उत्तर येतंय. हे वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. अर्ज कसा भरायचा, अप्लाय टेक्सास हे अर्जाचं संकेतस्थळ काय आहे, हे तुम्हाला येतंच आहे, ते सोडून देते. आधीच सांगते, मी वकील नाही. व्हिसाचा प्रश्न इमिग्रेशन वकिलालाच विचारा.

टेक्सासमध्ये दोन चाळण्या आहेत, आणि सगळा घोळ त्या एकच समजल्यामुळे होतो. पहिली राज्याची: सेन्सस डेटच्या (सेमिस्टरची अधिकृत नोंद पक्की होते त्या दिवसाच्या) आधी सलग 12 महिने टेक्सासमध्ये अधिवास, म्हणजे कायमचं घर, आहे का. दुसरी कॉलेजच्या करक्षेत्राची: तुमचं घर कॉलेजला प्रॉपर्टी टॅक्स देणाऱ्या हद्दीत आहे का. लायसन्स आणि विजेचं बिल पहिल्या चाळणीला मदत करतात. घरच जर हद्दीबाहेर असेल तर दुसरीला त्यांचा काडीचा उपयोग नाही. बाहेरच्या घराचे दहा पुरावे दिले तरी ते घर बाहेर आहे हेच दहा वेळा सिद्ध होतं.

आम्हाला सर्वांत महाग पडलेली चूक हीच. दुसऱ्या शहरात, दुसऱ्या कॉलेजात. नाव लिहीत नाही. खिडकीवरचा माणूस प्रत्येक वेळी "पत्त्याचा आणखी एक पुरावा आणा" म्हणायचा आणि आम्ही आणत राहायचो. तुमचा पत्ताच आमच्या हद्दीत येत नाही, हे एक वाक्य तिथल्या कुणीही उच्चारलं नाही, आणि तोवर सेन्सस डेट उलटली. याचा मला आजही राग येतो, कारण ते वाक्य सांगायला त्यांना अर्धं मिनिट लागलं असतं.

म्हणून आता कागद पाठवणं थांबवा आणि एका ओळीचा ईमेल करा: माझ्या मुलीचं वर्गीकरण राज्याच्या निकषावर अडलंय की डिस्ट्रिक्टच्या? उत्तर लेखीच मागा, फोनवर नको.

उत्तर येईपर्यंत स्वतः तपासता येतं. ट्रॅव्हिस सेंट्रल अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या (करासाठी मालमत्तेचं मूल्य ठरवणाऱ्या काउंटीच्या कार्यालयाच्या) संकेतस्थळावर (घर विल्यमसन काउंटीत असेल तर विल्यमसनच्या) पत्ता टाकून प्रॉपर्टी शोधा. तुम्ही भाडेकरू असलात तरी चालतं, माहिती सार्वजनिक आहे. अपार्टमेंट असेल तर युनिट नंबर न टाकता फक्त रस्ता आणि घर क्रमांक टाका. पानावर कर घेणाऱ्या संस्थांची यादी दिसेल. त्यात ऑस्टिन कम्युनिटी कॉलेज असेल तर घर आत, नसेल तर बाहेर. त्याहून पक्का पुरावा मला माहीत नाही.

हद्द शहराच्या नावाने ठरत नाही. ऑस्टिन, राउंड रॉक, लिअँडर, मॅनर, डेल व्हॅली, एल्गिन, हेज आणि 2022 च्या मतदानानंतर लॉकहार्ट, हे शाळा-जिल्हे म्हणजे आयएसडी आत आहेत, शिवाय ऑस्टिन शहराची हद्द. लेक ट्रॅव्हिस, ईन्स, फ्लुगरव्हिल, जॉर्जटाउन, हटो हे आयएसडी बाहेर. त्यामुळे राउंड रॉक असा टपालपत्ता असलेलं घर जॉर्जटाउन आयएसडीत असलं तर बाहेर, आणि फ्लुगरव्हिल आयएसडीतलं घर ऑस्टिन शहराच्या हद्दीत असलं तर आत. स्टायनर रँच लिअँडर आयएसडीत असल्याने आत. तुमचं घर बहुधा लेक ट्रॅव्हिस आयएसडीत आहे, म्हणजे कॉलेजची चूक नसण्याचीच शक्यता जास्त. वाईट वाटेल, पण आताच कळलेलं बरं.

फरक किती? 2021-22 च्या दराने इन-डिस्ट्रिक्ट क्रेडिटमागे 85 डॉलर आणि आउट-ऑफ-डिस्ट्रिक्ट 286. तीन क्रेडिटचा एक विषय 255 विरुद्ध 858, वर्षाची 30 क्रेडिट 2,550 विरुद्ध 8,580. आजचे आकडे कॉलेजच्या पानावरून घ्या. हा अन्याय आहे असं मात्र मला वाटत नाही. आतल्या घरांवर 100 डॉलर मूल्यामागे साधारण 10 सेंट कर बसतो, म्हणजे पाच लाखांच्या घराला सवलती धरण्याआधी वर्षाला पाचशे डॉलरच्या आसपास. तो तुमचे घरमालक भरत नाहीत.

राज्याच्या चाळणीबद्दल थोडंसं. एच-1बी आणि एच-4 धारकांना टेक्सासमध्ये अधिवास धरता येतो, एफ-1 या विद्यार्थी-व्हिसावर धरता येत नाही. मुलगी तुमच्या फेडरल टॅक्स रिटर्नवर डिपेंडंट असेल तर अधिवास आईवडिलांचा बघतात. इथे नुसतं लीज पुरत नाही. ते तुम्ही इथे राहता एवढंच दाखवतं. अधिवासासाठी 12 महिन्यांची नोकरी (कंपनीचं पत्र, पे-स्टब), स्वतःच्या नावावरचं घर किंवा स्वतःचा व्यवसाय असं ठोस काहीतरी लागतं. एकविसाव्या वर्षी एच-4 संपतो हेही आताच कॅलेंडरवर लिहून ठेवा.

घर बाहेरच निघालं तर? एक वाट बरेच जण विसरतात. टेक्सासचा शिक्षण कायदा कॉलेजच्या मंडळाला मुभा देतो की हद्दीबाहेर राहणाऱ्याची हद्दीत करपात्र मालमत्ता असेल तर त्याला आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्यांना आतला दर लावावा. इथे आपल्या लोकांपैकी कितीतरी जणांचं सीडर पार्क किंवा राउंड रॉकमध्ये हद्दीतलं, भाड्याने दिलेलं घर असतं. तुमचं असेल तर टॅक्स बिल जोडून विचारा. मुभा आहे, सक्ती नाही.

दुसरी वाट, सामान्य विषय दुसऱ्या कम्युनिटी कॉलेजातून ऑनलाइन घेणं. एचआयएसटी 1301 (इतिहास), जीओव्हीटी 2305 (शासनव्यवस्था) असे क्रमांक राज्यभर सारखे आहेत आणि 42 क्रेडिटचा कोअर, म्हणजे सर्वांना लागणाऱ्या सामान्य विषयांचा संच, सरकारी विद्यापीठांत चालतो. प्रत्येक कॉलेजचा बाहेरचा दर वेगळा, तेव्हा तीन-चार ठिकाणचे शेजारी मांडून बघा. लॅबचे विषय यात बसवू नका.

मावशीचा सीडर पार्कचा पत्ता टाका, असा सल्ला मिळेल. कृपा करून नको. अर्जावर खोटी माहिती, तीही व्हिसावर असताना! आणि कॅलिफोर्नियातले मित्र "डिस्ट्रिक्टने काही फरक पडत नाही" म्हणतील. त्यांच्याकडे ते खरं आहे, राज्याच्या रहिवाशाला कुठल्याही जिल्ह्यात युनिटमागे 46 डॉलर. इथे तो सल्ला लागू नाही.

आता तारखा. फॉल आणि स्प्रिंगच्या पूर्ण सेमिस्टरला सेन्सस डेट म्हणजे वर्गाचा बारावा दिवस. त्यानंतर दर बदलला तरी तो सहसा पुढच्या सेमिस्टरपासून. पत्ता बदललात तर पोर्टलवर नवा पत्ता टाकून वर्गीकरण आपोआप बदलेल असं धरू नका, वेगळा अर्ज करा. आणि परताव्याचं गणित बघा: पहिल्या वर्गदिवसाच्या आधी विषय सोडला तर 100 टक्के परत, पहिल्या पंधरा वर्गदिवसांत 70, सोळा ते वीसमध्ये 25, पुढे शून्य. म्हणजे "सेन्सस डेटपर्यंत वाट बघू, नाहीतर सोडू" यात 30 टक्के जातात. वर्ग सुरू होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत लेखी उत्तर आलं नाही, तर जादा दर परवडणार नाहीत ते विषय त्याच दिवशी काढून टाका आणि स्प्रिंगला घ्या.