रायफल असताना पिस्तूल कशाला?

तुमचे प्रश्न दोन आहेत. हातात रायफल असताना सैन्यात पिस्तूल देतात कशाला, आणि द्यायचंच तर सगळ्यांना का देत नाहीत? मी सैन्यात बरीच वर्षं आधी शस्त्रागारात होतो, नंतर हत्यारं हाताळायला शिकवत होतो. त्यामुळे उत्तर जरा लांबेल, पण त्यातलं बरंचसं हाताखालून गेलेलं आहे.

पिस्तूल मिळतं ते ज्याचे हात दुसऱ्या कामात गुंतलेले असतात त्याला. रणगाड्याचा चालक, वैमानिक, मशीनगनवाला, लष्करी पोलीस, नकाशा आणि रेडिओ सांभाळत तुकडी हलवणारा अधिकारी. लष्करी डॉक्टरच्या कमरेला पिस्तूल बघून अनेकांना नवल वाटतं, पण १९४९ च्या पहिल्या जिनिव्हा करारातलं २२ वं कलम वैद्यकीय पथकाला स्वतःच्या आणि जखमींच्या रक्षणासाठी शस्त्र बाळगू देतं. या सगळ्यांना लांब हत्यार अडचणीचं होतं. साध्या पायदळ जवानाचं गणित उलटं असतं. भरलेलं पिस्तूल म्हणजे किलोभर जादा ओझं, आणि तेवढ्याच वजनात रायफलची दोन भरलेली मॅगझिन, म्हणजे गोळ्यांच्या पेट्या, येतात. त्याला विचारलं तर तो मॅगझिनच मागेल, आणि त्याचं बरोबर आहे.

कारण पिस्तूल हे मुळात दुबळं हत्यार आहे. ९ मिमीची गोळी नळीतून सुटताना ५०० जूलच्या आसपास ऊर्जा घेऊन निघते, ५.५६ मिमी रायफलची १७०० च्या आसपास. त्यात रायफलला खांदा, गाल आणि दोन्ही हातांचा आधार मिळतो. पिस्तुलाचा सगळा भार मनगटांवर. कागदोपत्री पल्ला ५० मीटर लिहिलेला असतो. दम लागलेल्या, घाबरलेल्या माणसाच्या हातात तो १५-२० मीटरवर येतो, हे मी मैदानावर इतक्या वेळा पाहिलंय की त्यावर वाद घालायची इच्छा उरलेली नाही.

हा दुबळेपणा सैन्यांनाही ठाऊक होता. अमेरिकेने १९४१ मध्ये एम १ कार्बाइन स्वीकारली ती याचसाठी. तोफखान्यातले, दळणवळणातले, पुरवठ्यातले लोक पिस्तुलाने काही साधू शकत नाहीत, मग त्यांना अडीच किलोच्या आतबाहेरची हलकी बंदूक द्यावी, हा विचार. अशा ६० लाखांहून जास्त कार्बाइन बनल्या. तरीही पिस्तूल गेलं नाही, कारण कार्बाइन कुठेतरी टेकवून ठेवावी लागते आणि पिस्तूल अंगावरच राहतं. व्हिएतनाममध्ये भुयारात उतरणारे सैनिक एका हातात विजेरी आणि दुसऱ्या हातात पिस्तूल घेऊन सरपटत जायचे. तिथे रायफल वळवायलाच जागा नव्हती.

म्हणून सैन्याचं पिस्तूल पाहताना मी आधी एकच विचारतो: हे वागवणार कोण? अमेरिकेचं कोल्ट एम १९११ घ्या. त्याच्या मुठीच्या मागच्या बाजूला एक पट्टी आहे, मूठ घट्ट धरून ती आत दाबली गेली तरच चाप चालतो. शिवाय अंगठ्याने लावायची वेगळी सेफ्टी, म्हणजे गोळी सुटू न देणारी कळ. हे दोन्ही घोडदळाच्या आग्रहामुळे आलं. स्वाराचा एक हात लगामात असतो. घोडा उधळला तर भरलेलं पिस्तूल त्याच एका हाताने सुरक्षित करता आलं पाहिजे. मुठीच्या तळाशी दोरी अडकवायची कडी असते तीही स्वारासाठीच, हातातून सुटलं तरी टापांखाली पडू नये म्हणून. ब्रिटिशांच्या एनफिल्ड नंबर २ रिव्हॉल्व्हरची गोष्ट अशीच आहे. रणगाड्याच्या अरुंद झडपेतून आत-बाहेर करताना रिव्हॉल्व्हरच्या घोड्याचं, म्हणजे मागून आपटून गोळी पेटवणाऱ्या भागाचं, टोक अडकतं अशी तक्रार आली, तेव्हा १९३८ मध्ये ते टोकच काढून टाकलं. नेम थोडा बिघडला, कारण घोडा आधी अंगठ्याने मागे ओढता येईना आणि दर वेळी जड चाप पूर्ण ओढावा लागे, पण रणगाड्यातल्या माणसाला ते परवडणारं होतं.

विश्वासार्हतेचा मापदंडही एम १९११ नेच घालून दिला असं मला वाटतं. मार्च १९११ च्या अखेरच्या चाचणीत एका पिस्तुलातून ६००० गोळ्या झाडल्या, तापलं की पाण्यात बुडवून गार करत, आणि कोल्ट एकदाही अडकलं नाही. पुढे ते १९८५ पर्यंत अमेरिकेचं अधिकृत पिस्तूल होतं.

०.४५ इंची मोठं की ९ मिमी चांगलं, यावर लोक वर्षानुवर्षं भांडतात. फिलिपिन्समधल्या लढायांत अमेरिकनांना ०.३८ इंची रिव्हॉल्व्हर कमी पडलं, म्हणून ते ०.४५ कडे वळले, इतकं खरं. शिवाय १८९९ च्या हेग घोषणेने शरीरात फुलणाऱ्या गोळ्या युद्धात निषिद्ध केल्यामुळे सैन्याला धातूच्या पूर्ण आवरणाची, न फुलणारी गोळी वापरावी लागते, आणि तशा गोळीत मोठ्या व्यासाला थोडा अर्थ आहे. पण ९ मिमीत झटका कमी, त्यामुळे कमी सराव झालेला माणूस दुसरी गोळीही जागेवर मारू शकतो. मॅगझिनमध्ये राउंडही, म्हणजे काडतुसंही, जास्त मावतात: एम १९११ मध्ये ७, ब्राउनिंग हाय-पॉवरमध्ये १३, बेरेट्टा एम ९ मध्ये १५, ग्लॉक १७ मध्ये १७. नाटोतल्या सैन्यांना एकमेकांचा दारूगोळा चालावा हाही मुद्दा होताच. माझं मत विचाराल तर वर्षातून मोजक्या गोळ्या झाडणाऱ्या माणसाला ९ मिमीच द्यावं.

आता ज्या गोष्टीची मला खरी काळजी वाटते तिच्याकडे येतो. पिस्तूल आखूड असतं. रायफलची नळी चुकीच्या दिशेला वळली तर चार जण ओरडतात. पिस्तुलाची नळी नुसतं मनगट वळलं की शेजाऱ्याच्या पोटावर येते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. सर्वांत जास्त चुका होतात त्या पिस्तूल रिकामं करताना. क्रम असा आहे: आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड (वरचा सरकणारा भाग) मागे ओढून चेंबरमधला (नळीच्या मागच्या टोकाला असलेल्या घरातला) राउंड बाहेर पाडायचा, मग स्लाइड मागेच अडकवून डोळ्यांनी बघायचं आणि अंधारात बोटाने चाचपायचं. हा क्रम उलटला की घात होतो. आधी स्लाइड ओढली तर चेंबरमधला राउंड बाहेर पडतो, माणसाला वाटतं झालं रिकामं, पण स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधला नवा राउंड चेंबरमध्ये ढकलून देते. मग तो मॅगझिन काढतो आणि निर्धास्तपणे चाप दाबतो.

एकदा पहाटे पहारा उतरल्यावर हे माझ्यासमोर झालं. बारा वर्षं नोकरी झालेला जवान, रात्रभर जागलेला. नळी वाळूच्या पिंपात होती म्हणून गोळी वाळूत गेली. त्याने खाली पडलेला तो पहिला राउंड उचलून मुठीत धरला होता, आणि आवाज झाल्यावर तो मुठीतल्या राउंडकडेच बघत राहिला. त्या दिवसापासून मी शिकवताना ‘मॅगझिन’ हा शब्द मोठ्याने म्हणायला लावायचो, हात लावायच्या आधी.

म्हणूनच पिस्तुलाची रचना माणसाची चूक किती पोटात घेते, याला मी नेमापेक्षा जास्त गुण देतो. वॉल्थर पी ३८ मध्ये चेंबर भरलेलं असतानाही घोडा सुरक्षित खाली उतरवता येतो, आणि पहिली गोळी जड चाप ओढूनच सुटते. १९३८ च्या मानाने ही मोठी मजल होती. उलट जपानच्या टाइप ९४ मध्ये चापाची एक पट्टी डाव्या बाजूला उघडीच आहे, ती दाबली गेली तरी गोळी सुटू शकते. असं हत्यार माझ्या हाताखालच्या पोराला मी कधीच दिलं नसतं. ग्लॉकला बाहेरून हाताने लावायची सेफ्टी नाही, सगळी आतल्या आत आहे; ऑस्ट्रियाने १९८० च्या दशकात ते घेतलं, ब्रिटनने २०१३ मध्ये. अमेरिकेने २०१७ मध्ये निवडलेल्या एम १७ वर मात्र अंगठ्याची सेफ्टी आहे. दोन्ही बाजूंना कारणं आहेत. ज्याला सराव कमी, त्याला सेफ्टी असलेलंच द्यावं असं मला वाटतं.

आणि तुम्ही ओघात ‘पिस्तुलं अडकतात’ असं लिहिलंय, त्यावर एक. अडकल्याची तक्रार आली की मी पिस्तुलाआधी मॅगझिन मागून घ्यायचो. वरचे ओठ वाकलेले, तळाशी रेती, थकलेली स्प्रिंग. इराकमध्ये एम ९ बद्दल ओरड झाली तेव्हाही दोष बराचसा मॅगझिनच्या खरखरीत लेपाचा निघाला, त्यात बारीक वाळू धरून बसायची. आमच्याकडे अशा मॅगझिनच्या तळाला मी पांढऱ्या रंगाची फुली मारायचो आणि ते सरावापुरतंच ठेवायचो, पहाऱ्यावर जाऊ द्यायचो नाही.