मित्राच्या रेझ्युमेची मांडणी वापरावी का?

म्युनिकमध्ये नोकरीला लागलेल्या तुमच्या मित्राने त्याचा रेझ्युमे तुम्हाला पाठवला आहे आणि त्याचीच मांडणी वापरून जर्मनीतील कंपन्यांकडे अर्ज करणे गैर ठरेल का, असे तुम्ही विचारले आहे. मांडणी घेण्यात गैर काहीच नाही. डावीकडे कालावधी, उजवीकडे पद आणि कामाचा तपशील, सर्वांत अलीकडची नोकरी सर्वांत वर, हा लेबेन्सलाउफचा, म्हणजे जर्मन पद्धतीच्या रेझ्युमेचा, साचा इथे जर्मनीत शाळेतली मुलेही शिकतात आणि तो कोणा एकाच्या मालकीचा नाही. युरोपीय संघाने युरोपास हा नमुना सर्वांसाठी विनामूल्य ठेवलेला आहेच. मित्राने एखाद्या डिझायनरकडून टेम्प्लेट विकत घेतले असेल, तर मात्र ते दुसऱ्याला देण्याची परवानगी आहे का, हे त्यालाच विचारून घ्या.

त्याची वाक्ये मात्र घेऊ नका. तुम्ही दोघे चाकणच्या एकाच कारखान्यात होतात, म्हणून त्याच्या कामाचे वर्णन आपल्यालाही लागू पडते असे वाटणे स्वाभाविक आहे. पण मुलाखतीत त्यातल्या प्रत्येक ओळीवर प्रश्न येतात आणि जे काम आपण स्वतः केलेले नाही त्याचे बारकावे कोणालाही सांगता येत नाहीत. शिवाय, खोट्या माहितीच्या आधारे नोकरी मिळवली असेल, तर जर्मन दिवाणी संहितेच्या कलम 123 नुसार कंपनी तो करार फसवणुकीच्या कारणावरून रद्द ठरवू शकते. ज्याचा व्हिसा नोकरीवर अवलंबून आहे, त्याने ही गोष्ट फार गांभीर्याने घ्यावी.

परंतु मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. मी स्टुटगार्टला येण्यापूर्वी एका वरिष्ठ सहकाऱ्याच्या रेझ्युमेची मांडणी उचलली होती. त्यात नोकऱ्यांचे फक्त सालच लिहिलेले होते आणि त्यांना ते शोभतही होते, कारण त्यांच्या नोकऱ्यांमध्ये कधी खंड पडलेला नव्हता. मी मात्र वडिलांच्या आजारपणामुळे मार्च 2014 अखेर नोकरी सोडून आठ महिने कोल्हापूरला घरी राहिलो होतो आणि डिसेंबरमध्ये दुसरीकडे रुजू झालो होतो. माझ्या कागदावर ‘2011–2014’ आणि त्यावर ‘2014–2016’ अशा दोन ओळी आल्या, आणि ते आठ महिने नाहीसे झाले. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी सोबत जोडलेल्या रिलीव्हिंग लेटरवरची तारीख पाहिली आणि हा काळ का दिसत नाही, असे शांतपणे विचारले. वडिलांची सेवा केली हे सांगण्यात लाज वाटण्यासारखे काहीच नव्हते, तरीही ते लपवल्यासारखे दिसले, आणि ती नोकरी मला मिळाली नाही. एक शब्दही खोटा लिहिला नव्हता. दुसऱ्याच्या आयुष्याला बेतलेली मांडणी मी न तपासता माझ्यावर चढवली होती, एवढेच.

म्हणून मित्राचा साचा घ्या, पण प्रत्येक रकाना तो तिथे का आहे हे समजून मग भरा. इथे महिना आणि वर्ष दोन्ही लिहिण्याची रीत आहे. खंड असेल तर त्याचे कारण एका ओळीत द्या. मित्राने गुण जर्मन श्रेणीत बदलून लिहिले असतील, तर त्याचा आकडा पाहून तुमचा अंदाज बांधू नका. इथे 1.0 सर्वोत्तम आणि 4.0 काठावरचे उत्तीर्ण असते. परदेशी गुण जर्मन श्रेणीत बदलण्याच्या बव्हेरियन सूत्राने 70 टक्क्यांचे 2.5 होतात, पण ते उत्तीर्णतेची मर्यादा 40 असेल तरच, आणि तुमच्या विद्यापीठाची मर्यादा वेगळी असू शकते. भाषेपुढे पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनाच्या प्रमाणपत्रावर असलेलीच पातळी लिहा. फोटो लावायचा की नाही, हेही मित्राकडे पाहून ठरवू नका. 2006 च्या समान वागणुकीच्या कायद्यानंतर तो बंधनकारक उरलेला नाही. वडिलांचे नाव, वैवाहिक स्थिती आणि शेवटचे ‘वरील सर्व माहिती सत्य आहे’ हे आपल्याकडचे प्रतिज्ञापत्र वगळा.

आणि मित्राचीच वर्ड फाइल उघडून त्यावर लिहू नका. फाइलच्या गुणधर्मांमध्ये लेखक म्हणून त्याचे नाव राहते, आणि पीडीएफ केल्यावरही ते बरेचदा पुसले जात नाही. कोऱ्या पानावर सारणी स्वतः आखा. त्याला फार तर एक संध्याकाळ लागेल.