मत दिले, पण राग नोंदवायचा कुठे?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे राजकारणाविषयीची आणि उद्वेगाने लिहिलेली आहेत. त्यांतील चार निवडून येथे उत्तरे देत आहे. पत्रांचा आशय कायम ठेवून ती संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत आपल्या इंदुरात काँग्रेसच्या उमेदवाराने ऐन वेळी अर्ज मागे घेतला आणि तो थेट भाजपमध्ये गेला. यजमानांनी आणि मी संतापून ‘नोटा’चे, म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’चे, बटण दाबले. दोन लाखांहून अधिक लोकांनी तेच केले, तरी निकालावर तसूभरही परिणाम झाला नाही. आमचे मत वाया गेले असेच समजायचे का? यापुढे मतदानाला जावेसेच वाटत नाही.
— एक निवृत्त शिक्षिका, सुदामानगर, इंदूर

उत्तर : बाई, तुमचा संताप अगदी रास्त आहे. २९ एप्रिल हा अर्ज मागे घेण्याचा शेवटचा दिवस होता आणि त्याच दिवशी हा प्रकार घडला. पक्षाच्या पर्यायी उमेदवाराचा अर्ज छाननीत आधीच बाद झालेला होता, त्यामुळे १३ मे रोजी मतदानयंत्रावर प्रमुख विरोधी पक्षाचे चिन्हच नव्हते. भाजपचे शंकर लालवानी यांना १२,२६,७५१ मते मिळाली, नोटाला २,१८,६७४ आणि नोटानंतरच्या, म्हणजे बहुजन समाज पक्षाच्या, उमेदवाराला ५१,६५९. त्यापूर्वी एका मतदारसंघात नोटाला मिळालेली सर्वाधिक मते बिहारमधील गोपालगंजची होती, २०१९ साली, ५१,६६०. म्हणजे इंदूरने त्याच्या चौपटीहून अधिक मते नोंदवून तो उच्चांक मोडला. काँग्रेसनेच नोटाचे आवाहन केले होते, तेव्हा या आकड्यात त्या पक्षाची हक्काची मतेही आहेत हे खरे. पण आपल्याला निवडीचा हक्कच नाकारला गेला या भावनेने गेलेले तुमच्यासारखे मतदारही त्यात मोठ्या संख्येने असणार, याविषयी मला शंका नाही.

आता या मताने काय साधले ते पाहू. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१३ मध्ये नोटाचा आदेश दिला, तेव्हा त्यामागची अपेक्षा अशी होती की नापसंतीचा आकडा समोर आला की पक्षांना चांगले उमेदवार देणे भाग पडेल. त्याच वर्षाअखेर मध्य प्रदेशासह पाच राज्यांच्या विधानसभा निवडणुकांत ते बटण प्रथम आले. परंतु नियम असा आहे की नोटाला सर्वांत जास्त मते पडली तरीही उमेदवारांमध्ये जो पुढे असेल तोच विजयी होतो. अनामत रक्कम जप्त करताना वैध मतांचा जो हिशेब होतो, त्यातही नोटा धरले जात नाही. थोडक्यात, सव्वादोन लाखांच्या घरातल्या लोकांनी नापसंती कळवली आणि त्यामुळे कोणत्याही उमेदवाराचे किंवा पक्षाचे कवडीचेही नुकसान झाले नाही. माझ्या मते दोष येथेच आहे. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांपुरता असा निर्णय घेतला की नोटाला सर्वाधिक मते मिळाल्यास फेरनिवडणूक घ्यावी. लोकसभा आणि विधानसभेसाठीही तशी तरतूद व्हायला हवी, आणि फेरनिवडणुकीत जुन्या उमेदवारांना उभे राहण्यास मज्जाव असायला हवा. एरवी नोटा म्हणजे तक्रारपेटीत टाकलेली आणि कोणीही न उघडलेली चिठ्ठी ठरते.

तरीही मतदानाला न जाण्याचा तुमचा विचार मला मान्य नाही. जो घरी बसतो त्याची गणना आजारी, परगावी गेलेले आणि आळशी यांच्यातच होते. तो रागावला होता हे कोणालाही कळत नाही. सुरतमध्ये काँग्रेसच्या उमेदवाराचा अर्ज बाद झाला, भाजपचा उमेदवार सोडून उरलेल्यांनी माघार घेतली आणि इंदूरच्या मतदानापूर्वी तीन आठवडे, २२ एप्रिल रोजी, निवडणूक बिनविरोध झाली. मतदानच झाले नाही, म्हणून तिथल्या नागरिकांना नोटाचे बटणसुद्धा दाबता आले नाही. आपला राग निदान सरकारी दप्तरात आकड्यांनिशी नोंदला गेला आहे. मला खंत वाटते ती त्यानंतरच्या शांततेची. एवढे लोक एका दिवशी एका मताचे झाले आणि दुसऱ्या दिवशी आपापल्या घरी परतले. त्यांतले किती तरी तुमच्याच कॉलनीत, तुमच्याच वॉर्डात राहतात. पार्षदाची, म्हणजे नगरसेवकाची, निवडणूक अनेकदा काहीशे मतांवर ठरते. तिथे पन्नास-साठ घरांनी एकत्र येऊन विचारलेल्या प्रश्नाकडे पाठ फिरवणे उमेदवाराला परवडत नाही. लोकसभेचा राग तुम्ही वॉर्डापर्यंत आणा, असे मी आग्रहाने सुचवीन.

प्रश्न : पक्षांतरबंदीचा कायदा असतानाही आमदार राजरोस इकडून तिकडे कसे जातात? कायद्यात पळवाट आहे की अंमलबजावणीत खोट आहे?
— एक अभियंता, वैशालीनगर, इंदूर

उत्तर : पळवाट कायद्यातच आहे, आणि तिचा सर्वांत ठळक वापर आपल्याच राज्यात झालेला आहे.

१९६७ च्या जुलै महिन्यात गोविंद नारायण सिंह छत्तीस आमदारांसह काँग्रेसमधून बाहेर पडले, द्वारकाप्रसाद मिश्रांचे सरकार कोसळले आणि गोविंद नारायण सिंह स्वतः मुख्यमंत्री झाले. दोन वर्षे पुरी होण्याआधी ते पुन्हा काँग्रेसमध्ये परतले. त्या काळात देशभर हेच चालले होते, म्हणून यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली पक्षांतरावर समिती नेमली गेली. तिने १९६९ साली दिलेल्या अहवालातील एक शिफारस मला आजही सर्वांत मोलाची वाटते : पक्ष बदलणाऱ्याला एक वर्षपर्यंत, किंवा तो पुन्हा निवडून येईपर्यंत, मंत्री करू नये. समितीने दुखण्याचे मूळ अचूक ओळखले होते. माणूस पक्ष सोडतो तो बहुधा काही तरी मिळणार असते म्हणून. ते मिळण्याची वाटच बंद केली की घोडेबाजाराला गिऱ्हाईक उरत नाही.

प्रत्यक्षात कायदा आला १९८५ मध्ये, बावन्नाव्या घटनादुरुस्तीने. त्यात एक तृतीयांश आमदार फुटले तर त्यांना संरक्षण होते. २००३ च्या एक्क्याण्णवाव्या दुरुस्तीने ते काढून टाकले. आता दोन तृतीयांश सदस्यांनी विलीनीकरण मान्य केले तरच संरक्षण मिळते. पक्षांतरामुळे अपात्र ठरलेल्याला पुन्हा निवडून येईपर्यंत किंवा त्या सभागृहाची मुदत संपेपर्यंत मंत्री होता येणार नाही, असेही त्याच दुरुस्तीने ठरवले. वाचताना हे सारे चोख वाटते. पण ही बंदी ‘अपात्र’ ठरलेल्यांना लागू आहे. ज्याने आमदारकीचा रीतसर राजीनामा दिला आणि विधानसभा अध्यक्षांनी तो स्वीकारला, त्याला ती लागू होत नाही.

मार्च २०२० मध्ये नेमके हेच झाले. काँग्रेसच्या बावीस आमदारांनी राजीनामे दिले, सभागृहाचे संख्याबळ घटले, बहुमताचा आकडा आपोआप खाली आला आणि २० मार्च रोजी मुख्यमंत्री कमलनाथ यांनी राजीनामा दिला. पुढे त्या बाविसांपैकी अनेक जण आमदार नसतानाच मंत्री झाले, कारण आमदार नसलेल्या व्यक्तीलाही सहा महिने मंत्रिपदावर राहता येते. नोव्हेंबरमध्ये अठ्ठावीस जागांवर पोटनिवडणूक झाली. भाजपला एकोणीस आणि काँग्रेसला नऊ जागा मिळाल्या. आपल्या शेजारच्या सांवेरमध्ये तर दोन्ही प्रमुख उमेदवार पूर्वी समोरच्या पक्षात राहिलेले होते. तिथला मतदार पक्षनिष्ठेला मत देऊ इच्छित असता, तर त्याने कोणते बटण दाबायचे होते?

यात एक गोष्ट नोंदवली पाहिजे, आणि ती आपल्यालाच अवघड वाटणारी आहे. त्या पोटनिवडणुकीत तीन मंत्री पडले, पण पक्ष बदलून आलेले बहुतेक जण निवडून आले. विकासकामे होतील, आपला माणूस सत्तेत असेल, हा विचार करून मतदारांनी त्यांना पुन्हा पाठवले. हा विचार मी क्षुल्लक मानत नाही. पाणी आणि रस्ता ज्याला हवा आहे त्याला तत्त्वाचे व्याख्यान देण्याचा अधिकार मला नाही. म्हणूनच सगळा भार मतदाराच्या विवेकावर टाकू नये, कायदा बदलावा, असे माझे म्हणणे आहे. राजीनामा देऊन पक्ष बदलणाऱ्यालाही त्या विधानसभेची मुदत संपेपर्यंत मंत्रिपद, महामंडळ किंवा कोणतेही लाभाचे पद मिळू नये, एवढी एकच दुरुस्ती पुरेशी ठरेल. अपात्रतेच्या अर्जांवर निर्णय देणारे अध्यक्ष स्वतः एका पक्षाचे असतात, हा दुसरा दोष. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये असे निर्णय साधारणपणे तीन महिन्यांत व्हावेत असे म्हटले, तरी ते वर्षानुवर्षे रेंगाळल्याची उदाहरणे आहेतच.

प्रश्न : राजकारणाचा विषय निघाला की आमच्या घरी ‘सगळे एकाच माळेचे मणी’ असे म्हणून तो मिटवला जातो. मला पुढच्या निवडणुकीत प्रथमच मत द्यायचे आहे. उमेदवार प्रामाणिक आहे की नाही, हे सामान्य माणसाने ओळखायचे तरी कसे?
— एक विद्यार्थिनी, टिळकनगर, इंदूर

उत्तर : घरच्या वडीलधाऱ्यांचा मान राखून सांगते की हे वाक्य खरे नाही, आणि त्याचा फायदा फक्त लबाडांना होतो. सगळेच सारखे म्हटले की जो खरोखर वाईट आहे त्याला गर्दीत लपता येते. याच शहराने १९६२ मध्ये होमी दाजी यांना लोकसभेत पाठवले. त्यांच्या कम्युनिस्ट विचारांशी ज्यांचे कधीच जमले नाही, अशी माणसेही त्यांच्या साधेपणाविषयी आदराने बोलत. भाजपच्या सुमित्राताई महाजन १९८९ पासून सलग आठ वेळा निवडून आल्या आणि एकाच पक्षात राहिल्या. दोघांच्या विचारांत जमीन-अस्मानाचे अंतर होते, तरी मतदाराला त्यांच्याविषयी इतके तरी ठाऊक होते की आज मत दिले तर हा माणूस उद्या कुठे उभा असेल.

ओळखायचे कसे, याचे उत्तर कागदावर आहे. २००२ आणि २००३ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांमुळे प्रत्येक उमेदवाराला अर्जासोबत शपथपत्र द्यावे लागते. त्याला नमुना २६ म्हणतात आणि ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येते. वर्तमानपत्रे त्यातला एकूण मालमत्तेचा आकडा तेवढा छापतात, पण खरी माहिती आतल्या रकान्यांत असते. उमेदवार, त्याची पत्नी किंवा पती, अविभक्त कुटुंब आणि अवलंबून असलेली मुले यांचे रकाने वेगवेगळे असतात. स्वतःच्या नावावर मोटारही नसलेल्या गृहस्थाच्या कुटुंबीयांच्या नावे काय आहे, ते तिथे दिसते. जमिनीपुढे ती वारसाहक्काने आली की विकत घेतली, कोणत्या तारखेला, किती रुपयांना आणि आज तिची किंमत किती, हे लिहावे लागते. मागील पाच वर्षांचे प्राप्तिकर विवरणातील उत्पन्नही असते. खटले प्रलंबित असतील तर कलमे आणि न्यायालयाचे नाव असते. ती कलमे आंदोलनातल्या जमावबंदीची आहेत की फसवणुकीची आणि खंडणीची, यात फार मोठा फरक आहे, म्हणून नुसती खटल्यांची संख्या पाहून मत बनवू नये. सरकारी निवासाचे भाडे, वीज आणि पाणी यांची थकबाकी आहे का, हेही त्यात सांगावे लागते.

एकाच उमेदवाराची पाच वर्षांच्या अंतराने दिलेली दोन शपथपत्रे शेजारी ठेवून वाच. मधल्या काळात घेतलेल्या जमिनींच्या तारखा आणि जाहीर केलेले उत्पन्न यांचा मेळ बसतो का, ते पाहा. मेळ बसला नाही म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असे नव्हे, पण तो मत मागायला दारात आला की नेमके काय विचारायचे ते तुला कळेल. खोटी माहिती दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. ही शिक्षा फारच अपुरी आहे असे माझे मत आहे.

प्रश्न : आमच्या मराठी मंडळाच्या सभागृहाची डागडुजी विधायक निधीतून, म्हणजे आमदार निधीतून, झाली. आता गणेशोत्सवात संबंधित नेत्याचा सत्कार करावा असे कार्यकारिणीतील काहींचे म्हणणे आहे. हे गृहस्थ अलीकडेच पक्ष बदलून आले आहेत आणि मागील उत्सवात त्यांनी आमच्याच व्यासपीठावरून आताच्या पक्षावर सडकून टीका केली होती. सत्कार न केल्यास पुढचा निधी अडेल अशी भीती आहे. काय करावे?
— मंडळाचे एक पदाधिकारी, रामबाग, इंदूर

उत्तर : सत्कार करू नये. हा निधी त्यांच्या खिशातला नाही. खासदाराला दर वर्षी पाच कोटी रुपयांची कामे सुचवता येतात आणि आमदारालाही तसाच निधी असतो, पण तो तुमच्या-आमच्या करांतून येतो. लोकप्रतिनिधी शिफारस करतो आणि काम जिल्हा प्रशासनामार्फत होते. शिफारशीबद्दल आभाराचे पत्र अवश्य पाठवा. शाल आणि श्रीफळ मात्र उपकारकर्त्याला द्यायचे असते.

आपल्या मंडळांतले दृश्य मी गेली अनेक वर्षे पाहत आले आहे. पहिली रांग पुढाऱ्यांसाठी राखलेली असते. ते तासभर उशिरा येतात तोवर गाण्याचा कार्यक्रम थांबलेला असतो आणि ज्या मुलांनी महिनाभर तालीम केली ती पोशाख घालून बाजूला ताटकळत बसलेली असतात. फलकावर गणपतीपेक्षा चेहरे मोठे असतात आणि पक्ष बदलला की त्याच चेहऱ्यामागचा रंग तेवढा बदलतो. संधिसाधूपणाविषयी घरी बोटे मोडणारी आपणच माणसे त्या व्यासपीठावर टाळ्या वाजवतो, आणि त्या नेत्याने त्यातून योग्य तोच अर्थ काढलेला असतो. पक्ष बदलल्याची किंमत समाजात मोजावी लागत नाही, हे त्याला आपण शिकवतो.

निधी अडण्याची भीती खरी आहे, ती मी नाकारत नाही. त्यासाठी मागणी एका व्यक्तीच्या मर्जीवर ठेवू नका. मंडळाच्या लेटरहेडवर लेखी अर्ज द्या, पोच घ्या, एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात द्या. उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये शुल्क भरून, आपल्या परिसरात गेल्या तीन वर्षांत या निधीतून कोणती कामे मंजूर झाली आणि आपल्या अर्जाचे काय झाले, असे विचारा. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. आणि कार्यकारिणीत वाद वाढवण्याऐवजी येत्या सर्वसाधारण सभेत ठराव मांडा की मंडळाच्या व्यासपीठावर कोणत्याही पक्षाच्या पदाधिकाऱ्याचा सत्कार होणार नाही, सर्वांनी श्रोत्यांत बसावे आणि कार्यक्रम ठरल्या वेळी सुरू होईल. ठराव सर्व पक्षांना सारखाच लागू असल्याने अध्यक्षांना कोणालाही वैयक्तिक नकार द्यावा लागणार नाही. ठरावाची प्रत उत्सवाच्या निमंत्रणासोबतच पाठवा.