वर्षभर अजाइल करूनही रिलीज तीन महिन्यांनीच का होते?

तुम्ही म्हणता, वर्षभरापूर्वी सगळ्या टीम्सना अजाइलच्या (सॉफ्टवेअर छोट्या टप्प्यांत बनवून देत राहण्याच्या) स्क्रम या पद्धतीचं ट्रेनिंग झालं, रोज स्टँडअप (उभ्याउभ्या छोटी मीटिंग) होतो, दोन आठवड्यांचे स्प्रिंट (कामाचे ठरावीक टप्पे) चालतात, तरी रिलीज पूर्वीसारखीच तीन महिन्यांनी होते आणि सीनियर मंडळी वैतागलीत. मॅनेजर म्हणून मीही या चिखलात दीड वर्ष काढलंय.

२००१ साली १७ जणांनी जो अजाइल जाहीरनामा लिहिला, त्यात स्टँडअप, स्प्रिंट, पॉइंट (काम किती मोठं याचा अंदाजी आकडा) यातलं काहीच नाही. मात्र त्याच्या १२ तत्त्वांत एक आहे: चालतं सॉफ्टवेअर दोन आठवडे ते दोन महिन्यांच्या अंतराने देत राहा, जितकं लवकर तितकं बरं. म्हणजे तुमच्याकडे मीटिंगा तेवढ्या बदलल्या.

आधी बोर्डासमोर (प्रत्येक कामाचं कार्ड त्याच्या टप्प्याच्या रकान्यात लावलेलं असतं तो) उभं राहून कार्डं कुठे साचलीत ते बघा. आमच्या 'टेस्टिंगसाठी तयार' या रकान्यात एके दिवशी २३ कार्डं होती आणि टेस्टर दोघं. डेव्हलपर मात्र नवी कार्डं ओढतच होते, कारण रिकामं बसलेलं दिसायला नको! सगळ्यात जुनं कार्ड सात आठवड्यांचं होतं. त्यात बग निघाला तेव्हा ज्याने कोड लिहिला त्यालाच तो नव्याने वाचावा लागला.

यामागचं गणित लिटलच्या नियमाचं आहे. उघडी (सुरू झालेली पण न संपलेली) कामं भागिले आठवड्याला संपणारी कामं, की एका कामाला सरासरी किती आठवडे लागतात ते कळतं. ४० उघडी आणि आठवड्याला ८ संपत असतील, तर ५ आठवडे. कुणालाही जास्त राबवून न घेता उघडी कामं १६ वर आणा, २ आठवडे होतील.

आम्ही प्रत्येक रकान्याला मर्यादा घातली. टेस्टिंगचा रकाना भरला की डेव्हलपरने नवं काही उचलायचं नाही, टेस्टिंगला हात लावायचा. तीन आठवडे नुसत्या शिव्या खाल्ल्या. "मी टेस्टर म्हणून जॉइन झालोय का?" असं एकाने तोंडावर विचारलं. पुढे त्याच पठ्ठ्याने रिग्रेशन टेस्ट (नव्या बदलाने जुनं काही बिघडलं नाही ना, हे बघणाऱ्या) ऑटोमेट करायला घेतल्या, कारण तेच तेच हाताने करून तो कंटाळला होता. आमची रिलीज महिन्यावर आली ती त्यामुळे, स्टँडअपमुळे नव्हे.

मॅनेजर लोकांचं दुखणं वेगळं. स्क्रमच्या अधिकृत पुस्तिकेत, म्हणजे स्क्रम गाइडमध्ये, प्रॉडक्ट ओनर (काय बनवायचं ते ठरवणारा) आहे, स्क्रम मास्टर (पद्धत नीट चालतेय ना ते बघणारा) आहे, डेव्हलपर आहेत, मॅनेजर कुठेच नाही. मग तो बिचारा स्टँडअपची हजेरी करून टाकतो. मीही तेच केलं. सगळे बोर्डाकडे पाठ करून माझ्या तोंडाकडे बघून "काल हे केलं, आज ते करणार" म्हणायचे. (काल काय केलं, आज काय करणार, अडथळा काय, ही तीन प्रश्नांची पद्धत २०२० च्या गाइडमधून काढलीसुद्धा आहे.) मी मागच्या भिंतीला उभा राहू लागलो, नंतर जाणंच सोडलं. मग स्टँडअप १५ मिनिटांत आटपायला लागला.

आणि दोन टीम्सची व्हेलॉसिटी (एका स्प्रिंटमध्ये संपवलेले पॉइंट) शेजारी शेजारी मांडू नका. आकडा मोठा दिसावा म्हणून पुढच्याच स्प्रिंटला ३ पॉइंटचं काम ५ चं होतं.

ट्रेनिंगवर आणखी पैसे घालण्याआधी गेल्या रिलीजमधली कुठलीही दहा कार्डं काढा. कोड पूर्ण झाल्याची तारीख आणि ग्राहकाच्या हातात पडल्याची तारीख शेजारी लिहा. मधले दिवस टेस्टिंगच्या रांगेत गेले की कुणाच्या सहीची वाट बघण्यात, ते त्यात दिसेल. सहीत गेले असतील, तर टीमला हात लावू नका, सही करणाऱ्याकडे जा.