रविवार खायला उठतो

प्रश्न : ताई, नमस्कार. मी सांगलीची, बँकेत लागले आणि पहिलंच पोस्टिंग कोलकात्यात मिळालं. पीजीमध्ये राहते, ओळखीचं कुणी नाही. आठवडा कामात जातो पण रविवार अक्षरशः खायला उठतो, दिवसभर मोबाइल आणि आईला सारखे फोन. व्हिक्टोरिया मेमोरियल आणि हावडा ब्रिज बघून झाले, आता एकटीने कुठे आणि कसं फिरू? बंगाली येत नाही, शिवाय मी शाकाहारी आहे.
- एक वाचक, कोलकाता

उत्तर : अगं, तू पाहुणी थोडीच आहेस, तुला तिथे राहायचंय. मग शहराचा एकच भाग धर आणि तिथेच परत परत जा, चहावाला ओळखायला लागेपर्यंत. माझं ऐकशील तर उत्तर कोलकाता धर. मी नोकरीनिमित्त तिथे राहिलेय आणि त्या गल्ल्यांनीच मला सांभाळून घेतलं.

रविवारी मेट्रो जरा उशिरा सुरू होते, तेवढी झोप काढ, मग शोभाबाजार सुतानुटीला उतर आणि आधी पोटोबा. तिथली कचोरी आपल्यासारखी कडक नसते, मऊ, पुरीच्या जवळची, सोबत बटाट्याची रस्सा भाजी नाहीतर खोबऱ्याचे तुकडे घातलेली गोडसर छोलार दाल, म्हणजे हरभऱ्याची डाळ. शाकाहारी माणसाची सकाळ झकास होते.

मग चालत कुमारटुलीला जा, मूर्तिकारांची वस्ती आहे ती. तिथे दुर्गेची मूर्ती आधी पेंढ्याची असते. बांबूच्या सांगाड्यावर पेंढा सुतळीने असा आवळून बांधतात की त्यातच कंबर, दंड, मांडी दिसायला लागते, मग मातीचे थर, आणि माती वाळून तडकली की पातळ चिखलात बुडवलेल्या कापडाच्या पट्ट्या लावून भेगा बुजवतात. बोटं वेगळी करून नंतर जोडतात. उन्हाळ्यात गेलीस तर नुसता पेंढा, पावसाळ्यात माती, महालयेच्या, म्हणजे आपल्या सर्वपित्री अमावास्येच्या, सुमारास रंग आणि डोळे, म्हणून तर एकदा जाऊन भागत नाही. फक्त गल्ल्या फार अरुंद आहेत, कारागिरांच्या वाटेत उभी राहू नको आणि फोटोआधी विचार.

तसंच पुढे बागबाजारला मराठा डिच लेन आहे. 1742 मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने कोलकात्याभोवती खंदक खणायला घेतला होता, तो पुरा झालाच नाही, नंतर बुजवला आणि त्या बाजूने सर्क्युलर रोड झाला. त्या स्वारांना बंगालात बर्गी म्हणतात आणि बाळाला झोपवायच्या गाण्यात ते अजून आहेत. लोकांनी तेव्हा फार सोसलंय गं. कुणी आजीबाई तू मराठी म्हटल्यावर बर्गींचा विषय काढतील, तर वाद न घालता ऐकून घे, आपल्या शाळेच्या पुस्तकात ही बाजू क्वचितच येते. परतताना घाटावरून हावड्याची लाँच पकड, तिकीट अगदी किरकोळ आणि नदीवरचा वारा मोप.

कॉलेज स्ट्रीट मात्र रविवारी बहुतेक बंद असतो. तुला दुसरा-चौथा शनिवार सुटी असते ना, तेव्हा जा, जुनी पुस्तकं चाळ, इंग्रजीही ढिगाने मिळतात, मग कॉफी हाउसमध्ये बस. एकटीने तासन्‌तास बसलीस तरी कुणी उठवत नाही, हे मला फार आवडायचं.

भाषेचं टेन्शन घेऊ नको. 'दादा, कोतो?' म्हणजे कितीला, 'नामबो' म्हणजे उतरायचंय, एवढ्यावर सुरुवात होते. बसमधून बाई उतरत असली की कंडक्टर ड्रायव्हरला ओरडतो, 'आस्ते लेडीज', म्हणजे गाडी हळू घे, लेडीज उतरतायत. बसला सरावलीस की शहर आपोआप उलगडतं. अंधार पडायच्या आत पीजीवर ये आणि कुठे जातेयस ते रूममेटला सांगून जा, एवढं पाळ.

आईला फोन कर की, त्यात काय, पण कचोरी खाऊन झाल्यावर कर म्हणजे सांगायला काहीतरी असेल. आणि यंदा पूजेच्या सुट्टीत सांगलीला पळू नको, दिवाळीला जा. वर्षभर जी मूर्ती घडताना बघशील ती मांडवात उभी राहिलेली बघायला तू तिथे हवीस.