पोहण्याची टीम बंद झाली तेव्हा

"ताई, कॉलेजने ओंकारची अख्खी टीमच बंद केली. तो रडत नाही, बोलत नाही, नुसता छताकडे बघत पडून राहतो. तेरा वर्षं पाण्यात गेली म्हणायची का?"

२०२५ च्या एप्रिलमध्ये आलेला हा व्हॉइस मेसेज मी दोनदा ऐकला. मी अमेरिकेत, इलिनॉय राज्यात समुपदेशक म्हणून काम करते. माझ्याकडे मराठी कुटुंबं बरीच येतात. तेव्हापासून हीच काळजी आणखी दोन घरांतून माझ्यापर्यंत आली, एका मुलीच्या टेनिसची आणि एका मुलाच्या जिम्नॅस्टिक्सची. म्हणून ओंकारची गोष्ट त्याच्या आणि आईवडिलांच्या परवानगीने लिहिते आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आधी थोडं पैशाचं बोलावं लागेल. अमेरिकेतल्या मोठ्या कॉलेजांत टीव्हीचा आणि तिकिटांचा पैसा येतो तो मुख्यतः अमेरिकन फुटबॉलमधून आणि पुरुषांच्या बास्केटबॉलमधून. पोहणं, टेनिस, कुस्ती, जिम्नॅस्टिक्स, नौकानयन हे खेळ बव्हंशी त्याच पैशावर जगतात. त्यांना तिथे 'नॉन-रेव्हेन्यू' म्हणतात, म्हणजे न कमावणारे. कमावून देणाऱ्या खेळाडूंना मात्र वर्षानुवर्षं शिष्यवृत्तीपलीकडे त्या उत्पन्नात वाटा नव्हता. खेळाडू कोर्टात गेले आणि ६ जून २०२५ ला तडजोडीवर कोर्टाची अंतिम मोहोर उमटली. मागची भरपाई म्हणून सुमारे २८० कोटी डॉलर दहा वर्षांत द्यायचे आणि १ जुलै २०२५ पासून कॉलेजांनी खेळाडूंना थेट पैसे द्यायला मुभा. पहिल्या वर्षाची मर्यादा एका कॉलेजला साधारण २ कोटी ५ लाख डॉलर.

ज्यांनी कमावलं त्यांना मिळालं, यात मला काहीच गैर वाटत नाही. पण पिशवी तीच आहे. त्यातला मोठा वाटा फुटबॉल-बास्केटबॉलकडे वळला की दुसऱ्या कुणाचं तरी ताट रिकामं होणार. कॉलेजांनी मोहोर उमटायची वाटही पाहिली नाही. कॅलिफोर्नियातल्या कॅल पॉलीने मार्च २०२५ मध्येच पोहण्याच्या आणि डायव्हिंगच्या टीम बंद केल्या, मुलांच्याही आणि मुलींच्याही. ओंकारच्या कॉलेजने त्याच सुमारास मुलांची टीम बंद केली. हंगाम संपल्यावर सगळ्यांना झूमवर बोलावलं आणि नऊ मिनिटांत सांगून टाकलं.

पहिल्या भेटीला तिघं आले. बाबांच्या हातात लॅपटॉप, त्यात एकतीस कॉलेजांची यादी, प्रत्येकापुढे कोचचा ईमेल. आई म्हणत होती, "झालं ते बरंच झालं, आता तरी अभ्यासात लक्ष घालशील." आणि ओंकार टीमचा गुडघ्यापर्यंतचा जाड कोट घालून बसला होता, चेन हनुवटीपर्यंत ओढलेली. खोलीत हीटर चालू होता.

मी आईबाबांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. वीसेक मिनिटं तो काही बोलला नाही, मीही घाई केली नाही. मग म्हणाला, "रोज चार-चाळीसला जाग येते. अलार्म लावलेला नसतो."

"मग काय करतोस?"

"पडून राहतो. पाचला टीम पाण्यात उतरते." थोडं थांबून म्हणाला, "उतरायची."

ते एक क्रियापद बदलताना त्याच्या चेहऱ्यावर जे झालं, ते मी विसरलेले नाही.

पुढच्या भेटीत खरी गाठ कळली. तो म्हणाला, "मी दोन सेकंद फास्ट असतो तर त्यांनी टीम ठेवली असती." विसाव्या वर्षी, इंजिनिअरिंगला असलेला, आकडेमोडीत हुशार मुलगा हे मनापासून म्हणत होता. लहानपणापासून त्याला एकच हिशेब ठाऊक होता. मेहनत केली की वेळ कमी होते, वेळ कमी झाली की जागा मिळते. जागा गेली म्हणजे मेहनत कमी पडली.

मी विचारलं, "तुमच्या टीममध्ये ब्रेस्टस्ट्रोकला तुझ्यापुढे कोण?"

त्याने एका सीनिअरचं नाव सांगितलं. दोनशे यार्ड तो १:५२ मध्ये पोहायचा, ओंकारची वेळ १:५६.

"म्हणजे तुझ्यापेक्षा चार सेकंद पुढे. मग झूमवर त्याला काय सांगितलं?"

"सेम."

बराच वेळ तो स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. नंतर त्याने कोटाची चेन थोडी खाली केली. त्या दिवशी तेवढंच झालं आणि तेवढं पुरेसं होतं.

अशा दुःखाला अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये नाव दिलं. मी त्याला मराठीत 'मान्यता न मिळालेलं दुःख' म्हणते. कुणी गेलं तर माणसं भेटायला येतात, घरी डबा येतो, चार दिवस कुणी काम सांगत नाही. टीम गेली तर लोक म्हणतात, "अरे, पोहायचं तर कुठेही पोहता येतं." खरं आहे, येतं. पण पहाट, गाडीतली गाणी, कोचची शिट्टी, आणि 'मी कोण' या प्रश्नाचं तयार उत्तर, हे सगळं एका झूम कॉलमध्ये जातं. आपल्याकडे तर खेळ म्हणजे अभ्यासाला जोडलेली गोष्ट. त्यामुळे 'बरंच झालं' आपल्या तोंडातून पटकन निघतं. आईने ते प्रेमानेच म्हटलं होतं. ओंकारला मात्र ऐकू आलं ते असं, की माझं आयुष्य हिला अडचण वाटत होतं.

आता बाबांबद्दल. त्यांना मी आधी 'उपाय शोधणारे' म्हणून बाजूला ठेवलं होतं, ती माझी चूक. ते सतत स्टॅनफर्डचं उदाहरण द्यायचे. स्टॅनफर्डने जुलै २०२० मध्ये अकरा खेळ बंद करायचं जाहीर केलं होतं आणि मे २०२१ मध्ये माजी खेळाडूंच्या रेट्यानंतर, कोर्टबाजीनंतर तो निर्णय मागे घेतला. "मग इथे का नाही होणार?" मी त्यांना आयोवा विद्यापीठाचं सांगितलं. तिथे २०२० मध्ये चार खेळ बंद झाले. स्त्री-पुरुष समान संधीच्या १९७२ च्या कायद्याखाली, ज्याला तिथे टायटल नाइन म्हणतात, मुली कोर्टात गेल्या आणि मुलींचं पोहणं परत आलं. मुलांचं आलं नाही. मुलामुलींच्या जागांचा समतोल राखायचा असतो आणि फुटबॉलची टीम शंभराच्या घरातली. मुलांच्या बाजूच्या जागा तिथेच भरतात आणि कात्री पोहण्या-टेनिसवर चालते.

मी त्यांना म्हटलं, आशा सोडू नका, पण तिला तारीख लावा. त्यांनी ३१ मे ठरवली. तोवर माजी खेळाडूंच्या मोहिमेत जे करायचं ते करायचं, पत्रं लिहायची, पैसे जमवायचे. त्यानंतर घरात तो विषय ओंकारने काढला तरच.

हे ठरल्यावर त्यांनी बॅगेतून एक वही काढली. सांगलीहून आणलेली जुनी फुलस्केप, कोपरे दुमडलेले. ओंकार सात वर्षांचा असल्यापासूनची प्रत्येक शर्यत तीत होती. तारीख, प्रकार, वेळ, सगळं देवनागरी आकड्यांत. "हिचं आता काय करू?" त्यांनी मला विचारलं आणि चष्मा काढून मान खाली घातली. एकतीस कॉलेजांची यादी हा त्यांचा शोक होता. यादी थांबली असती तर त्यांना बसून रडावं लागलं असतं.

मी ओंकारला आत बोलावलं. त्याने वही उघडली. २०१५ च्या एका पानावर पन्नास यार्डांच्या वेळेपुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'गॉगल निघाला तरी थांबला नाही.' त्याला मराठी वाचायला वेळ लागतो. एकेक अक्षर जुळवत त्याने ते मोठ्याने वाचलं. "बाबा, तुम्ही हे लिहायचात?" एवढंच म्हणाला. त्याला वाटायचं, वहीत फक्त आकडे आहेत.

ज्यांच्या घरी हे आज घडतंय, त्यांना दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी सांगते. शिष्यवृत्तीबद्दल कॉलेजकडून लेखी घ्या. टीम बंद झाली तरी आधी कबूल केलेली रक्कम पदवीपर्यंत देणारी कॉलेजं आहेत, पण तोंडी शब्दावर राहू नका. आणि ती रक्कम किती, हेही बघा. मुलांच्या पोहण्यात अख्ख्या टीमला मिळून ९.९ पूर्ण शिष्यवृत्त्या असायच्या, त्या वीस-पंचवीस जणांत वाटल्या जायच्या. ओंकारला मिळत होती फीच्या जेमतेम एक पंचमांश. दुसऱ्या कॉलेजात जायचा विचार असेल तर आधीचे किती क्रेडिट तिथे धरले जातात, हे कोचशी बोलण्याआधी विचारा. दिवसाला चार तास व्यायाम करणारं शरीर एकदम थांबलं की झोप आणि भूक बिघडते, म्हणून थोडी तरी हालचाल चालू ठेवा. आणि मूल 'मी असून काय उपयोग' असं बोलू लागलं, तर समजूत घालत बसू नका. अमेरिकेत ९८८ हा आत्महत्येच्या विचारांसाठीचा मदत क्रमांक दिवसरात्र चालू असतो, त्यावर त्याच क्षणी फोन करा.

'तेरा वर्षं पाण्यात गेली का?' या आईच्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नव्हतं. मेच्या शेवटी तिनेच विषय काढला. म्हणाली, "हल्ली चार-चाळीसला तो उठला की मीही उठते. चहा करते. काही बोलत नाही आम्ही." मी म्हटलं, हे चालू ठेवा.

३१ मे आली आणि गेली. टीम परत आली नाही. ओंकारने ट्रान्सफर घेतली नाही. दोन कोचची उत्तरं आली होती, पण त्याला त्याच कॉलेजात, त्याच मित्रांबरोबर डिग्री पुरी करायची होती. बाबांना हे जड गेलं, अजूनही जातं. तो आठवड्यातून दोनदा विद्यार्थ्यांच्या क्लबबरोबर पोहतो आणि घड्याळ लावत नाही.

लॉकर मात्र त्याने जूनपर्यंत रिकामा केला नव्हता. कॉलेजची तीन स्मरणपत्रं आली. शेवटी आई गाडी चालवत त्याच्याबरोबर गेली. लॉकरमधून निघाले तीन गॉगल, एकच चप्पल, वाळून कडक झालेला टॉवेल आणि तळाशी एक स्टीलचा डबा. दिवाळीत आईने टीमसाठी पाठवलेल्या चिवड्याचा. आत थोडे शेंगदाणे आणि कढीपत्त्याची पानं उरली होती. पार्किंगमध्ये उभं राहून दोघांनी ते शेंगदाणे खाल्ले आणि मग घरी निघाले.