कोणी मूर्ख म्हटलं की लगेच 'अ‍ॅड होमिनेम' होतं का?

तुम्ही विचारलंय की वादात समोरचा शिव्या द्यायला लागला की त्याला अ‍ॅड होमिनेम म्हणायचं का, आणि ही लॅटिन नावं म्हणजे नक्की काय. अ‍ॅड होमिनेम म्हणजे मुद्दा सोडून माणसावर बोट ठेवायचं आणि तेवढ्यावरच त्याचं म्हणणं खोडायचं, हा एक तर्कदोष, म्हणजे युक्तिवादातली चूक. तर नाही, नुसती शिवी हा तर्कदोष नाही. "गाढवा, तू हा आकडा दोनदा धरलायस" यात अपमान आहे पण मुद्दा जागेवर आहे. "तू गाढव आहेस, तुझी बेरीज काय बघायची" हा खरा तर्कदोष, कारण इथे शिवीच पुरावा म्हणून पुढे केलीय.

आणि शिवी नसतानाही हे होतं बरं का. मी नोकरीत नवीन असताना मीटिंगमध्ये म्हणालो की या शीटमध्ये एक रक्कम दोनदा आलीय, तर एक सीनियर अगदी गोड आवाजात म्हणाले, "तुला येऊन दोन महिने झालेत ना?" सगळे हसले, पुढचा विषय निघाला, शीट कोणी उघडलीच नाही. अपमानापेक्षा ती चुकीची रक्कम तशीच पुढे गेली याचा मला आजही राग येतो.

लॅटिनमध्ये 'होमो' म्हणजे माणूस, 'अ‍ॅड'नंतर त्याचं 'होमिनेम' होतं, म्हणजे 'माणसाकडे'. याच्या उलट 'अ‍ॅड रेम', मुद्द्याकडे. गंमत म्हणजे इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकच्या 1690 च्या ग्रंथात अ‍ॅड होमिनेमचा अर्थ वेगळाच आहे, समोरच्याने स्वतः मान्य केलेल्या गोष्टींवरूनच त्याला कोंडीत पकडणं, त्यात शिवीगाळ कुठेच नाही. आजचा अर्थ नंतर रूढ झाला.

दुसरं नाव 'टू क्वोक्वे', म्हणजे 'तू पण'. सिगारेट ओढणारा डॉक्टर सिगारेट सोड म्हणाला की आपण लगेच "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण" म्हणतो. डॉक्टर ढोंगी असेल, पण म्हणून धूर फुप्फुसाला चांगला ठरत नाही. "यात तुझा फायदा आहे म्हणून तू असं बोलतोस" हाही अ‍ॅड होमिनेमचाच प्रकार, फायदा असेल तर जास्त तपासून बघा, पण तपासा तरी.

फक्त एक अपवाद लक्षात ठेवा, साक्षीदाराचा. जिथे सगळी भिस्त एका माणसाच्या शब्दावर आहे तिथे तो आधी खोटं बोललाय का हे विचारणं रास्तच आहे, तो तर्कदोष नाही.

आणि तुमच्यावर अशी वेळ आली तर लॅटिन नाव तोंडावर फेकू नका, त्याने वाद अजून भरकटतो. मी हल्ली एवढंच म्हणतो, "हो, दोनच महिने झालेत, पण ती रक्कम दोनदा आलीय का?"